पुट चालतं, अपेंड अडतं: तीन डेटानोडच्या क्लस्टरवरचं एक प्रकरण

हडूप 3 मालिकेतलं छोटं क्लस्टर, म्हणजे फाइलींचे तुकडे करून ते अनेक मशिनांवर ठेवणारी एचडीएफएस ही फाइल सिस्टम. एक नेमनोड (कोणता तुकडा कुठे आहे याची नोंद ठेवणारा), तीन डेटानोड (प्रत्यक्ष डेटा ठेवणारे), रेप्लिकेशन 3 (प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती), ब्लॉक म्हणजे एकेक तुकडा 128 एमबीचा. एज नोडवर (बाहेरून क्लस्टरशी बोलणाऱ्या मशिनवर) क्रॉनमधून (ठरावीक वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) दर पाच मिनिटांनी एक शेल स्क्रिप्ट चालते. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरांकडून आलेला लॉगचा तुकडा ती -अपेंडटूफाइल वापरून त्या दिवसाच्या एकाच फाइलच्या शेवटी जोडते. जोडणं फसलं तर दहा सेकंद थांबून पुन्हा, असे तीन प्रयत्न. एक दिवस तिसऱ्या डेटानोडची डिस्क जाते, मशिन दुरुस्तीसाठी बंद ठेवलं जातं आणि अपेंडचं, म्हणजे या जोडण्याचं, गाडं अडतं.

गोंधळ होतो तो बाकी सगळं सुरळीत चालू असल्यामुळे. त्याच एज नोडवरून -पुट केलं, म्हणजे नवी फाइल चढवली, तर ती जाते. हाइव्ह आणि स्पार्क या डेटा-प्रक्रियेच्या साधनांचे जॉब पूर्ण होतात. नेमनोड सेफमोडमध्ये (फक्त वाचू देणाऱ्या अवस्थेत) नाही, दोन्ही उरलेल्या नोडांवर निम्मी जागा मोकळी आहे, आणि एफएससीके (फाइली तपासणारी कमांड) शेवटी ‘हेल्दी’ म्हणून मोकळा होतो (अंडर-रेप्लिकेटेड, म्हणजे प्रती कमी असलेल्या, ब्लॉकांचा आकडा तेवढा वर दिसतो). मग संशय परवानग्यांवर, कोट्यावर, नेटवर्कवर जातो आणि अर्धा दिवस तिथेच खर्ची पडतो.

आधी लॉग नीट वाचायला हवा, कारण त्यात दोन वेगवेगळ्या एरर असतात आणि तक्रार हमखास दुसरीची येते. स्क्रिप्टचा शेवटचा प्रयत्न ‘ऑलरेडी-बीइंग-क्रिएटेड-एक्सेप्शन’ देऊन संपतो: या फाइलची लीज (लिहिण्याचा तात्पुरता हक्क) सध्या अमुक डीएफएस-क्लायंटकडे (एचडीएफएसशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमकडे) आहे, म्हणून अपेंड करता येत नाही. हे वाचून लोक ‘दुसरं कोण लिहितंय’ याचा शोध घेत बसतात. दुसरं कोणीच लिहीत नसतं. खरी एरर पहिल्या प्रयत्नाची, वीसेक सेकंद आधीची:

फेल्ड टू रिप्लेस अ बॅड डेटानोड ऑन द एक्झिस्टिंग पाइपलाइन ड्यू टू नो मोअर गुड डेटानोड्स बीइंग अव्हेलेबल टू ट्राय.

म्हणजे ब्लॉकच्या प्रती लिहून घेणाऱ्या नोडांच्या साखळीत (पाइपलाइनमध्ये) बिघडलेल्या नोडच्या जागी बदली नोड मिळाला नाही. त्याच ओळीत पुढे कंसात ‘करंट’ आणि ‘ओरिजिनल’ अशा नोडांच्या दोन याद्या असतात. इथे दोन्हींत तेच दोन नोड आहेत. याचा अर्थ क्लायंटने नेमनोडकडे तिसरा नोड मागितला आणि नेमनोडकडे द्यायला काही नव्हतं. नेमनोडच्या लॉगमध्ये त्याच सेकंदाला ‘फेल्ड टू प्लेस इनफ रेप्लिकाज, स्टिल इन नीड ऑफ 1’ (एका प्रतीला जागा मिळाली नाही) ही सूचना सापडली की निदानाचा पहिला भाग पक्का झाला.

आता मुख्य प्रश्न. दोन नोडांवर पुट चालतं, मग अपेंडला तिसरा कशासाठी?

नवी फाइल लिहिताना क्लायंट नेमनोडला ‘तीन जागा द्या’ म्हणतो. जिवंत नोड दोनच असतील तर नेमनोड दोन देतो, लॉगमध्ये कुरकुर करतो, आणि पाइपलाइन दोन नोडांची बनते. कोणताही नोड मध्येच पडलेला नाही, त्यामुळे बदली नोडचा प्रश्नच येत नाही. तिसरी प्रत पुढे सवडीने होईल.

अपेंडमध्ये पाइपलाइन नव्याने निवडली जात नाही. शेवटचा ब्लॉक अर्धवट भरलेला असतो आणि तो जिथे आहे तिथेच पुढे लिहायचं असतं. समजा फाइल 30,00,00,000 बाइटची आहे. पहिले दोन ब्लॉक पूर्ण, म्हणजे 26,84,35,456 बाइट. तिसऱ्यात 3,15,64,544 बाइट. या तिसऱ्या ब्लॉकच्या तीन प्रती तीन नोडांवर आहेत आणि त्यातला एक नोड बंद आहे. अपेंड सुरू होताना त्या ब्लॉकचा जनरेशन स्टॅम्प (प्रत ताजी की जुनी हे सांगणारा क्रमांक) वाढवला जातो. चालू असलेल्या दोन नोडांवरच्या प्रती नवा स्टॅम्प घेतात. बंद नोडवरची प्रत जुन्या स्टॅम्पची राहते आणि त्या क्षणापासून रद्दबातल ठरते. म्हणजे नवा डेटा दोनच ठिकाणी जातो एवढंच होत नाही. आधीपासून तीन प्रतींत सुरक्षित असलेले 3,15,64,544 बाइटही दोन वैध प्रतींवर येतात. पुटमध्ये जुन्या डेटाला धक्का लागत नाही, अपेंडमध्ये लागतो. एचडीएफएस इथे हट्टाला पेटतं ते उगाच नाही.

हा हट्ट एका सूत्रात लिहिलेला आहे. फाइलचं रेप्लिकेशन ‘आर’ आणि पाइपलाइनमध्ये उरलेले नोड ‘एन’ धरा. डीफॉल्ट पॉलिसीनुसार बदली नोड शोधायचा तो आर 3 किंवा जास्त असेल तरच. आणि त्यातही दोनपैकी एक अट लागू व्हायला हवी. एक, आरच्या निम्म्याचा पूर्णांक एनएवढा किंवा एनपेक्षा मोठा असणं. दोन, एन हा आरपेक्षा कमी असून ब्लॉक अपेंडचा किंवा एचफ्लश झालेला (लिहिलेलं लगेच डेटानोडांपर्यंत ढकललेला) असणं.

आकडे घालून पाहा. आर 3, एन 2. तीनचं निम्मं, पूर्णांकात 1; ते 2 पेक्षा लहान, म्हणून पहिली अट लागू नाही. साधं लिखाण चालू असताना एखादा नोड पडला तर उरलेल्या दोघांवर ते निमूट पुढे जातं. अपेंडला मात्र दुसरी अट लागते, कारण 2 हे 3 पेक्षा कमी आहेत. बदली शोधलीच पाहिजे, आणि तीन नोडांच्या क्लस्टरमध्ये चौथा आणायचा कुठून? एन 1 वर आला तर मात्र पहिली अटही लागू होते आणि चालू असलेलं साधं पुटसुद्धा याच एररने कोसळतं.

दुसऱ्या अटीतला एचफ्लश नजरेतून सुटतो. एखादा प्रोग्रॅम अपेंड कधीच करत नाही, नवी फाइल उघडून तिच्यातच लिहितो, पण दर काही ओळींनंतर एचफ्लश किंवा एचसिंक मारतो, तर लिहिता लिहिता नोड पडल्यावर तोही याच नियमात अडकतो. एचबेस या डेटाबेसचा वॉल (राइट-अहेड लॉग, बदल आधी नोंदवणारी फाइल) हे त्याचं नेहमीचं उदाहरण. म्हणून ‘आम्ही अपेंड वापरतच नाही’ या उत्तरावर तपास थांबवू नये.

खात्रीसाठी चार कमांड पुरतात, आणि त्या तक्रार जिथून आली त्याच मशिनवर चालवायच्या:

एचडीएफएस डीएफएसअ‍ॅडमिन -रिपोर्ट
एचडीएफएस एफएससीके /डेटा/लॉग/आज.लॉग -फाइल्स -ब्लॉक्स -लोकेशन्स -ओपनफॉरराइट
एचडीएफएस डीएफएस -स्टॅट "%आर %बी" /डेटा/लॉग/आज.लॉग
एचडीएफएस गेटकॉन्फ -कॉन्फकी (पॉलिसीच्या पॅरामीटरचं पूर्ण नाव)

पहिल्या कमांडमधून जिवंत आणि मेलेल्या नोडांची संख्या कळते. नोड बंद पडल्यावर नेमनोड त्याला लगेच मृत धरत नाही. डीफॉल्टप्रमाणे 10 मिनिटं 30 सेकंद जातात. तेवढ्या वेळात रिपोर्टमध्ये तीन जिवंत दिसतील आणि अपेंड तरीही फसेल, कारण क्लायंट स्वतः त्या नोडला जोडू पाहतो आणि त्याला वगळतो. दुसऱ्या कमांडमधला शेवटचा पर्याय महत्त्वाचा, कारण एफएससीके लिहिण्यासाठी उघड्या असलेल्या फाइली एरवी मोजतच नाही, आणि आपली फाइल नेमकी त्याच अवस्थेत अडकलेली असते. तिसरी त्या फाइलचं रेप्लिकेशन आणि बाइटमधली लांबी देते. ही लांबी टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथ्या कमांडशी या प्रकरणातली सर्वांत सामान्य फसगत जोडलेली आहे. पॉलिसीची सेटिंगं क्लायंटच्या बाजूची आहेत. नेमनोडवरच्या एचडीएफएस-साइट फाइलमध्ये ती बदलून, क्लस्टर रीस्टार्ट करूनही एररमध्ये तसूभर फरक पडत नाही, कारण एज नोडवरची स्क्रिप्ट एज नोडवरचीच फाइल वाचते. एररच्या शेवटी ‘सध्याची पॉलिसी डीफॉल्ट आहे’ असं लिहिलेलं असतं. बदल केल्यावरही तेच दिसत असेल तर चुकीच्या मशिनवर बदल झाला आहे असं खुशाल समजा. वेबएचडीएफएसने (एचटीटीपीवरून एचडीएफएस वापरण्याच्या सोयीने) अपेंड होत असेल तर गोष्ट आणखी आडवळणाची. नेमनोड ती विनंती 307 ने (एचटीटीपीच्या ‘तिकडे जा’ या कोडने) एखाद्या डेटानोडकडे वळवतो आणि खरा डीएफएस-क्लायंट त्या डेटानोडच्या प्रोसेसमध्ये चालतो, म्हणून सेटिंग सगळ्या डेटानोडांवर हवं. एचटीटीपीएफएस (अशाच विनंत्या घेणारी वेगळी सेवा) असेल तर त्याच्या सर्व्हरवर.

पॅरामीटरच्या नावांचा पूर्वार्ध सारखाच आहे: डीएफएस.क्लायंट.ब्लॉक.राइट.रिप्लेस-डेटानोड-ऑन-फेल्युअर. त्याला पुढे एनेबल, पॉलिसी, बेस्ट-एफर्ट आणि मिन-रेप्लिकेशन अशी शेपटं लागतात.

इंटरनेटवर सर्रास मिळणारा उपाय म्हणजे पॉलिसी ‘नेव्हर’ करणं. तीन किंवा त्याहून कमी नोडांच्या क्लस्टरसाठी हडूपच्या स्वतःच्या दस्तऐवजातही तो सुचवलेला आहे, आणि आत्ताच्या आत्ता अपेंड सुरू करायचं असेल तर फाइलला हात न लावता कमांडमध्येच देता येतो: एचडीएफएस डीएफएस लिहून झाल्यावर, -अपेंडटूफाइलच्या आधी, -डी देऊन पॉलिसीचं पूर्ण नाव आणि ‘=नेव्हर’. पण कायमचं म्हणून हे ठेवू नये. ‘नेव्हर’ म्हणजे बदली शोधायचीच नाही. उद्या चौथा-पाचवा नोड आला तरी हा क्लायंट त्यांच्याकडे बघणार नाही. तीनचे दोन, दोनचा एक होत शेवटच्या नोडपर्यंत लिहीत राहील. ‘बेस्ट-एफर्ट’ला ‘ट्रू’ केलं तर बदली शोधली जाते आणि मिळाली नाही तरच उरलेल्यांवर काम चालतं. तरीही एका प्रतीपर्यंत घसरण्याची वाट उघडीच राहते.

तिसरा पर्याय सगळ्यांत नेमका आणि सगळ्यांत दुर्लक्षित: मिन-रेप्लिकेशन 2 ठेवायचं. याचं डीफॉल्ट 0, म्हणजे बदली न मिळाल्यास सरळ एरर. 2 ठेवल्यावर बदली मिळाली तर उत्तम; नाही मिळाली पण दोन नोड उरले असतील तर वॉर्निंग देऊन लिखाण चालू; एकावर आलं तर एरर. पॉलिसी आणि बेस्ट-एफर्ट दोन्ही डीफॉल्टवर राहू द्यायचे. तीन नोडांच्या क्लस्टरला दुसरं काही शोधण्याची गरज नाही.

क्लायंटच्या कॉन्फिगरेशनला हात लावता येत नसेल (दुसऱ्या टीमचं मशिन, बाहेरून आलेलं उत्पादन) तर फाइलच्या बाजूने वाट आहे. वरच्या सूत्रात आर 3 पेक्षा कमी असेल तर काहीच लागू होत नाही. त्या एका फाइलवर -सेटरेप 2 (फाइलचं रेप्लिकेशन बदलणारी कमांड) केलं की पुढचं अपेंड अडत नाही. एरवी होणार होत्या त्याही दोनच प्रती; फरक इतकाच की आता ते उघडपणे नोंदलेलं आहे.

आता दुसरी एरर, लीजची. एचडीएफएसमध्ये एका फाइलला एका वेळी एकच लेखक असतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या गूगल फाइल सिस्टमच्या निबंधात अनेक क्लायंटांना एकाच फाइलला एकदम जोडू देणारं ‘रेकॉर्ड अपेंड’ होतं. ते वाचून एचडीएफएसकडून तीच अपेक्षा धरणारे अजून भेटतात. इथे तसं नाही. अपेंड सुरू झालं की त्या क्लायंटच्या नावे लीज निघते. पाइपलाइन उभी राहताना एरर आली, प्रोसेस संपली, पण फाइल रीतसर बंद झाली नाही, तर लीज मेलेल्या क्लायंटच्याच नावावर राहते.

लीजची मऊ मर्यादा 60 सेकंदांची. तोवर दुसऱ्या कोणी अपेंड मागितलं तर ऑलरेडी-बीइंग-क्रिएटेड. 60 सेकंदांनंतर मागितलं तर नेमनोड लीज काढून घेतो, शेवटच्या ब्लॉकची रिकव्हरी सुरू करतो आणि ‘लीज रिकव्हरी चालू आहे, नंतर या’ अशा अर्थाची तिसरीच एरर देतो. स्क्रिप्टचे प्रयत्न दहा-दहा सेकंदांच्या अंतराने होते; तिन्ही पहिल्या मिनिटातच संपतात. म्हणजे दुसरा आणि तिसरा प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता मुळातच नव्हती, आणि त्यांनी लॉगमधली खरी एरर वर ढकलली तेवढीच.

वाट पाहण्यापेक्षा लीज स्वतःच सोडवून घ्यावी:

एचडीएफएस डीबग रिकव्हरलीज -पाथ /डेटा/लॉग/आज.लॉग -रिट्रायज 10

पहिल्या प्रयत्नात ‘फॉल्स’ आलं तरी दचकायचं कारण नाही. ब्लॉक रिकव्हरी डेटानोडांच्या हार्टबीटबरोबर (नेमनोडला नियमित जाणाऱ्या ‘जिवंत आहे’ या संदेशाबरोबर) सुरू होते आणि तिला काही सेकंद लागतात. ‘सक्सीडेड’ दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शेल स्क्रिप्टऐवजी सतत चालणारी सेवा असेल तर 60 सेकंदांचाही भरवसा नाही. लीजचं नूतनीकरण फाइलवार होत नाही, क्लायंटवार होतं. त्या सेवेने वीस फाइली उघडल्या असतील आणि एक अडकली असेल, तर बाकी एकोणीससाठी होणारं नूतनीकरण विसावीची लीजही जिवंत ठेवतं. अशी फाइल तासन्‌तास उघडी दिसते. तिथे रिकव्हरलीज किंवा सेवा रीस्टार्ट, दोनच मार्ग.

लीज सुटली की लगेच पुन्हा अपेंड मारण्याचा मोह होतो. तिथेच डेटा बिघडतो. नोड आधीपासून बंद असेल तर अपेंड पाइपलाइन उभी राहतानाच फसतं आणि एकही बाइट जात नाही. फाइल जशीच्या तशी असते. पण नोड अपेंड चालू असताना पडला असेल तर तुकड्याचा काही भाग आत गेलेला असतो, आणि ब्लॉक रिकव्हरी तो भाग राखून फाइल बंद करते. मग तोच तुकडा पहिल्यापासून जोडला तर सुरुवातीच्या ओळी दोनदा येतात आणि मध्ये एक अर्धी तुटलेली ओळ राहते.

वरच्याच फाइलला 40,00,000 बाइटचा तुकडा जोडताना नोड गेला असं धरू. रिकव्हरीनंतर लांबी 30,12,90,496 भरली. वाढ 12,90,496 बाइटची. हा आकडा असा विचित्र का, तेही सांगता येतं: चेकसम (डेटा शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) दर 512 बाइटच्या खणाला असतो, शेवटच्या ब्लॉकमधला शेवटचा खण 256 बाइटवर अर्धवट होता, म्हणून पहिलं पॅकेट तो भरणाऱ्या 256 बाइटचं, त्यानंतरची पॅकेटं प्रत्येकी 64,512 बाइटची (126 खण), अशी वीस. लॉगची ओळ कुठे संपते याच्याशी पॅकेटला काही देणंघेणं नसतं, म्हणून ओळ तुटते.

उपाय दोन. एक, 2.7 पासून मिळणारं -ट्रंकेट -डब्ल्यू वापरून फाइल 30,00,00,000 वर परत आणायची आणि पूर्ण तुकडा पुन्हा जोडायचा. दोन, गेलेले बाइट सोडून उरलेले 27,09,504 च जोडायचे:

टेल -सी +1290497 तुकडा.लॉग | एचडीएफएस डीएफएस -अपेंडटूफाइल - /डेटा/लॉग/आज.लॉग

दुसरा बरा. ट्रंकेटने मागे घेतलेले बाइट एखाद्या वाचणाऱ्या जॉबने आधीच वाचलेले असू शकतात. पुढे जोडण्यात तो धोका नाही. दोन्ही उपायांत एक गृहीत आहे: त्या फाइलला लिहिणारा दुसरा कोणी नाही. क्रॉनच्या दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून स्क्रिप्ट एफ-लॉकखाली (एका वेळी एकच फेरी चालू देणाऱ्या कुलपाखाली) चालवायलाच हवी.

तेव्हा स्क्रिप्टचा क्रम असा बदलतो: आधी -स्टॅटने लांबी घ्या, अपेंड करा, एक्झिट कोड शून्य नसेल तर रिकव्हरलीज यशस्वी होईपर्यंत थांबा, लांबी पुन्हा घ्या, फरक शून्य असेल तर पूर्ण तुकडा, नसेल तर उरलेला भाग जोडा. लांबी घेताना एक सावधगिरी. फाइल उघडी असताना -स्टॅट किंवा -एलएस जी लांबी दाखवतं ती नेमनोडच्या माहितीतली, म्हणजे जुनी असू शकते. -कॅट मात्र डेटानोडला विचारून जास्त बाइट वाचतं. ‘अपेंड होतंय पण फाइल वाढत नाही’ ही वेगळी तक्रार बहुधा एवढ्यावरूनच येते. रिकव्हरलीजनंतरचा आकडाच खरा धरायचा.

हीच एरर चार-पाच नोड असलेल्या क्लस्टरवर आली तर सूत्र तेच, फक्त ‘चौथा नोड आहे पण नेमनोड देत नाही’ असा प्रकार असतो. नेमनोडच्या लॉगमध्ये ‘नॉट इनफ रेप्लिकाज वॉज चोझन’च्या पुढे कारण लिहिलेलं असतं. जागा कमी, हे एक. नोड फार व्यस्त, हे दुसरं: डीफॉल्टप्रमाणे सरासरीच्या दुप्पटीहून जास्त भार असलेला नोड वगळला जातो, आणि नवा डेटा सारा एकाच नोडवर ओतणाऱ्या जॉबमुळे हे घडतं. डीकमिशन होत असलेला (क्लस्टरमधून काढला जात असलेला) नोडही बदली म्हणून मिळत नाही. इरेजर कोडिंगच्या (पूर्ण प्रतींऐवजी पॅरिटीचे तुकडे ठेवणाऱ्या पद्धतीच्या) डिरेक्टरीत मात्र पॉलिसी बदलून उपयोग शून्य. तिथल्या फाइलींवर साधं अपेंड चालतच नाही.

दुरुस्त झालेला तिसरा नोड परत आला की तो आपल्याकडच्या ब्लॉकांची यादी कळवतो. अपेंड झालेल्या ब्लॉकची त्याच्याकडची प्रत जुन्या स्टॅम्पची असल्याने नेमनोड ती धरत नाही आणि नवी प्रत करून घेतो. डिस्कवर पाहिलं तर .मेटा फाइलच्या नावात शेवटी हा स्टॅम्प असतो, त्यामुळे दोन नोडांवरचे आकडे शेजारी ठेवून जुनी कोणती ते ओळखता येतं. मात्र त्या फाइली हाताने पुसायच्या नाहीत. एफएससीकेमधला अंडर-रेप्लिकेटेड आकडा हळूहळू शून्यावर येईल. मधल्या काळात ज्या फाइलींवर -सेटरेप 2 केलं होतं त्या या आकड्यात कधीच दिसणार नाहीत, कारण त्यांच्या दोन प्रती नियमानुसारच आहेत. त्यांची यादी तेव्हाच लिहून ठेवलेली असावी, आणि नोड स्थिरावल्यावर त्या प्रत्येकीवर -सेटरेप -डब्ल्यू 3 चालवावं.